खुलं पेटंट आणि सोडलेलं पेटंट

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत बोलणं पेटंटवर आलं, की कुणीतरी म्हणतंच, "टेस्लाने पेटंट सोडून दिली, तरी धंदा वाढलाच ना?" विजेच्या गाड्या बनवणाऱ्या या कंपनीने, टेस्लाने, काहीही सोडलेलं नाही. हा गोंधळ दूर व्हायलाच हवा, कारण त्यापायी छोट्या कारखानदाराच्या हातातली एकमेव गोष्ट, त्याचं पेटंट, जाऊ शकते.

जून 2014 मध्ये टेस्लाने जाहीर केलं, की सद्हेतूने आपलं तंत्रज्ञान वापरणाऱ्यावर आपण दावा लावणार नाही. सद्हेतूचा अर्थ पुढे अटींत आला: तुम्ही टेस्लावर पेटंटचा दावा करायचा नाही, तिच्या पेटंटना आव्हान द्यायचं नाही, तिच्या मालाची नक्कल विकायची नाही. म्हणजे तिचं एक पेटंट वापरायला घेतलंत, की तिच्यापुरती तुमची सगळी पेटंट म्यान. हे झालं खुलं पेटंट: वापर इतरांना मोकळा, पण मालकी तिच्याकडे आहे म्हणूनच तिला या अटी घालता येतात.

सोडलेल्या पेटंटला अशी कुठलीच अट जोडता येत नाही. भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. नूतनीकरणाची फी थांबवली की हक्क संपतो, आणि तुमचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धीही तोच माल बिनदिक्कत बनवू शकतो. पेटंट खुलं ठेवणाऱ्याला मात्र फी भरतच राहावी लागते.

मग खुलं ठेवून फायदा कधी? पैसा दुसरीकडून येत असेल तेव्हाच. टोयोटाने 2019 मध्ये गाड्यांच्या विद्युतीकरणाची सुमारे 24,000 पेटंट 2030 अखेरपर्यंत रॉयल्टीशिवाय वापरायला दिली. त्याच वेळी ती वापरू पाहणाऱ्यांना तांत्रिक मदत देऊ केली, पण पैसे घेऊन.

समजा, तुम्ही पाइपांना झटपट बसणारं कपलिंग काढलंत. तुमची कमाई कपलिंगच्याच विक्रीवर असेल, तर ते खुलं करू नका. स्वतःच्या पोटावर पाय येईल. पण आत बसणारी रबरी रिंग दाबाखाली गळू न देण्याचं मिश्रण तुम्हालाच साधलं असेल, तर हिशोब उलटा होतो. कपलिंग चार जणांना बनवू द्या. ते चौघंही रिंग तुमच्याकडूनच घेतील. मिश्रणाचं पेटंट मात्र घेऊ नका. अर्जातला मजकूर साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मिश्रण गुपितच राहिलेलं बरं.

आणि परवानगी द्याल ती लेखी द्या, अटींसकट. ओळखीपाळखीत "वापरा हो" म्हटलेलं पुढे दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने आठवतं.

खुलं करायचंच असलं, तरी आधी अर्ज करा. गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. अर्जाआधीच ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं, तर नावीन्यच गेलं म्हणून पेटंट नाकारलं जाऊ शकतं, आणि मग अट घालायला हातात काही उरत नाही.