अलामोचे पत्र अनुत्तरित राहिले नव्हते

टेक्सासमधील अलामो या किल्ल्यात मेक्सिकन सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या टेक्सन सेनाधिकारी विल्यम ट्रॅव्हिस यांनी 24 फेब्रुवारी 1836 रोजी कुमक मागणारे पत्र लिहिले, ते त्यांचे अखेरचे पत्र ठरले आणि त्या हाकेला कोणीच ओ दिली नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यातील दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

‘विजय किंवा मृत्यू’ या शब्दांनी संपणारे ते पत्र अल्बर्ट मार्टिन यांनी गोंझालेस या गावी पोहोचवले. दिवसभर तोफांचा जोरदार भडिमार ऐकू येत असल्याची नोंद मार्टिन यांनी पत्राच्या मागच्या बाजूला स्वतः केली, आणि पुढे गोंझालेसच्या 32 जणांसह ते अलामोत परतले. ही तुकडी 1 मार्चच्या पहाटे तीनच्या सुमारास वेढ्यातून वाट काढत आत शिरली. विशेष म्हणजे याची साक्ष ट्रॅव्हिस यांच्याच 3 मार्चच्या पत्रात आहे, म्हणजे 24 तारखेचे पत्र अखेरचे नव्हते, हेही आपोआप सिद्ध होते.

हा समज रुजण्याचे कारण बहुधा गोलियाड येथील टेक्सन सैन्याचे प्रमुख जेम्स फॅनिन असावेत. तिथून तीनशेहून अधिक माणसे घेऊन ते निघाले खरे, पण गाड्या मोडल्या आणि ते माघारी फिरले. मोठी कुमक आली नाही, हे खरेच. मात्र त्यापोटी गोंझालेसकरांना विसरणे अन्यायाचे आहे, कारण 6 मार्चच्या हल्ल्यात मार्टिन यांच्यासह ते तिथेच मारले गेले.