अमेरिकेतली सहा लष्करी महाविद्यालये: अर्ज एक नव्हे, दोन

‘वेस्ट पॉइंट नाही जमलं तर सिटाडेल आहेच,’ असं अमेरिकेतल्या आपल्या पालकांमध्ये सहज बोललं जातं. पण या दोन्ही गोष्टी एका जातीच्या नाहीत. वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकी भूदलाच्या सरकारी अकादमीत, जायचं तर सहसा खासदाराचं नामांकन लागतं. फी नसते, पण बाहेर पडल्यावर किमान पाच वर्षं सक्रिय सेवा करावीच लागते. सिटाडेल हे लष्करी शिस्तीचं महाविद्यालय, तिथे नामांकन लागत नाही, फी मात्र लागते. गणवेश घाला, कवायत करा आणि पदवी हातात पडल्यावर थेट बँकेत नोकरी धरा, कोणी अडवत नाही.

अशी सहा महाविद्यालयं अमेरिकी कायद्यात नावानिशी नोंदलेली आहेत: व्हरमाँटमधलं नॉर्विच (१८१९), व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट म्हणजे व्हीएमआय (१८३९), दक्षिण कॅरोलायनातलं सिटाडेल (१८४२), व्हर्जिनिया टेक, नॉर्थ जॉर्जिया आणि टेक्सास ए अँड एम.

निवड करताना क्रमवारीआधी एकच विचारा: गणवेश उतरवायची मुभा आहे का? व्हीएमआयमध्ये नाही. तिथे पदवीचा प्रत्येक विद्यार्थी कॅडेट, आणि आरओटीसी, म्हणजे अधिकारी घडवणारं लष्करी प्रशिक्षण, सगळ्यांना सक्तीचं. कमिशन, म्हणजे सैन्यातलं अधिकारीपद, घ्यायचं की नाही, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. पहिल्या वर्षाच्या पोरांना तिथे ‘रॅट’ म्हणतात. सकाळी उठलं की गादी गुंडाळायची आणि खाट दुमडून बाजूला उभी करायची, म्हणजे दिवसा लोळायचा प्रश्नच मिटला. मुलींना तिथे प्रवेश मिळाला तो १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १९९७मध्ये. सिटाडेलचा कॅडेट विभाग याच वळणाचा आहे. टेक्सास ए अँड एम आणि व्हर्जिनिया टेक ही प्रचंड विद्यापीठं, कॅडेट दल हा त्यांतला एक कोपरा. दल सोडलं तरी मुलगा त्याच विद्यापीठात अभियांत्रिकी पुढे चालू ठेवू शकतो. माझं मत विचाराल तर मन पक्कं नसलेल्या मुलाला याच दोन जागा बऱ्या. नॉर्विच आणि नॉर्थ जॉर्जियातही कॅडेट नसलेले विद्यार्थी असतात. नॉर्थ जॉर्जियात आरओटीसी फक्त भूदलाची. नौदल किंवा हवाई दलाचं स्वप्न असेल तर तिथला अर्ज वाया.

आता अर्ज. पहिला महाविद्यालयाच्या प्रवेशाचा: शाळेची गुणपत्रिका, मागितले असल्यास एसएटी किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांचे गुण, निबंध, शिफारसपत्रं. टेक्सास आणि व्हर्जिनिया टेकला कॅडेट दलाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. विद्यापीठात जागा मिळाली म्हणजे दलात नाव लागलं असं नाही. व्हीएमआय आणि सिटाडेलला विवाहित उमेदवार चालत नाही.

दुसरा अर्ज आरओटीसी शिष्यवृत्तीचा. तो महाविद्यालयाकडे नाही, त्या त्या सैन्यदलाकडे जातो, आणि अकरावी संपण्याच्या सुमारासच अर्जाची खिडकी उघडते. त्यासाठी अमेरिकी नागरिकत्व हवं, ग्रीन कार्डवर भागत नाही. परदेशी विद्यार्थी कॅडेट म्हणून शिकू शकतात, अमेरिकी कमिशन मात्र त्यांना मिळत नाही. जन्मदाखला किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि शारीरिक चाचणीचे आकडे तयार ठेवा. भूदलाची शिष्यवृत्ती पूर्ण शिक्षण शुल्क किंवा राहण्याजेवणाचा खर्च, यांपैकी एक उचलते.

घोडं अडतं ते वैद्यकीय तपासणीत. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचं निदान झालेलं असलं तर उमेदवार सकृतदर्शनी अपात्र ठरतो. चौदाव्या वर्षी खोकला लांबला, डॉक्टरांनी सावधगिरी म्हणून इनहेलर लिहून दिला, मुलाने तो दोनदा ओढून खणात टाकला. घरात सगळे विसरले, तरी ती चिठ्ठी नोंदीत असते. ती लपवू नका. जुने कागद आणि फुप्फुसांच्या चाचणीचा ताजा अहवाल जोडून सूट मागता येते. मात्र त्यात महिने जातात, म्हणून डॉक्टरांकडच्या नोंदी अर्जाआधीच मागवून घ्या.

सुरक्षा पडताळणीच्या फॉर्ममध्ये परदेशातल्या जवळच्या नातलगांची माहिती विचारतात. भारतातल्या आजी-आजोबांचा नीट पत्ता आणि जन्मतारीख आधीच फोन करून लिहून घ्या. ऐन वेळी कोणाला आठवत नाही.

शिष्यवृत्तीच्या करारावर सही करताना तारखा बघा. भूदलाची चार वर्षांची शिष्यवृत्ती घेतलेला मुलगा पहिल्या वर्षात बाहेर पडला तर सहसा देणं लागत नाही. दुसरं वर्ष सुरू झालं की बांधला गेला. शिष्यवृत्ती नसेल तर करार तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला होतो. सैन्यसेवेची एकूण बांधिलकी आठ वर्षांची, त्यात सक्रिय आणि राखीव सेवा दोन्ही मोजतात.

आणि बूट ऑगस्टच्या आधी महिनाभर घरातच घालून फिरवा, पहिल्या आठवड्यातले फोड तरी वाचतील.