वल्हांडणाचं ताट आणि चर्च

येशूचं शेवटचं भोजन वल्हांडणाचं, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या ज्यू सणाचं होतं, मग ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी ख्रिस्ती मंडळींनी ज्यूंसारखा 'सेदर', म्हणजे या सणाचं विधिपूर्वक भोजन, का मांडू नये? अमेरिकेतल्या चर्चमध्ये ईस्टरच्या तोंडावर हा वाद निघतो. सवाल बिनतोड वाटतो खरा, पण मधली जवळजवळ दोन हजार वर्षं तो गिळून टाकतो.

सुरुवातीला प्रश्न नेमका उलटा होता. शिष्य सगळे ज्यूच. नव्याने आलेल्या परराष्ट्रीयांनी, म्हणजे ज्यू नसलेल्यांनी, ज्यूंप्रमाणे सुंता करून घ्यायची का, यावर इ.स. ४९च्या सुमारास यरुशलेमेत बैठक बसली आणि सक्ती नको असं ठरलं. सीरियातल्या अंत्युखिया शहरात तर परराष्ट्रीयांच्या पंगतीतून येशूचा शिष्य पेत्र उठला म्हणून प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं.

पुढे ईस्टरच्या तिथीवरून बिनसलं. आशिया मायनरमधले ख्रिस्ती ज्यूंप्रमाणे निसान या ज्यू महिन्याच्या १४ तारखेलाच, वल्हांडणाच्या दिवशी, सण पाळत, रोमचे लोक रविवारी. साधारण १५५ साली आशिया मायनरमधल्या स्मुर्नाचा बिशप पॉलिकार्प रोमच्या बिशपाला भेटायला गेला. एकमत झालं नाही, तरी दोघे बिशप सलोख्याने वेगळे झाले. हा समजूतदारपणा टिकला नाही. ईस्टरची तिथीही ठरवणाऱ्या ३२५च्या निकिया इथल्या चर्च परिषदेनंतर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पत्रात स्पष्टच लिहिलं की ज्यूंशी आपलं काही सामाईक नको. चौथ्या शतकातच लाओदिकियाच्या परिषदेने शब्बाथाची, म्हणजे ज्यूंच्या शनिवारची, विश्रांती आणि ज्यूंकडून वल्हांडणाची बेखमीर (खमीर न घातलेली) भाकर घेणं, दोन्हींवर बंदी घातली.

बंदी घालावी लागली, म्हणजे लोक ते करत होते. अंत्युखियात ३८६-८७ साली योहान क्रिसोस्तोम या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने ज्यूंविरुद्ध आठ जहरी प्रवचनं दिली. त्याचा खरा राग ज्यूंच्या सणांना सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनाघरात) जाणाऱ्या आपल्याच मंडळींवर होता. त्या जहराची किंमत मात्र ज्यूंनी मोजली. मध्ययुगीन युरोपात ज्यू आपल्या मात्झामध्ये, म्हणजे बेखमीर भाकरीत, ख्रिस्ती मुलांचं रक्त कालवतात, असा धादांत खोटा आरोप पसरला आणि ईस्टरच्या दिवसांत ज्यू वस्त्यांवर हल्ले होऊ लागले.

आणखी एक गोची आहे. आजचा सेदर येशूने पाहिलेलाच नाही. त्याच्या काळी वल्हांडणाला यरुशलेमच्या मंदिरात कोकरू कापलं जाई. ७० साली रोमनांनी मंदिर पाडलं, त्यानंतर रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) घरच्या पंगतीचा हा विधी घडवला. ताटात आता कोकराऐवजी भाजलेलं हाड ठेवतात ते म्हणूनच.

१९६५मध्ये कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने ज्यूंवरचा ख्रिस्तवधाचा सरसकट ठपका पुसला. १९७३मध्ये स्थापन झालेल्या 'जूज फॉर जीझस' या येशूला मानणाऱ्या ज्यूंच्या संघटनेने चर्चोचर्ची सेदरची प्रात्यक्षिकं दाखवत त्यातल्या खुणांना ख्रिस्ताचा अर्थ लावला. अमेरिकी कॅथलिक बिशपांनी १९८८मध्ये बजावलं की सेदरला 'बाप्तिस्मा' देऊ नका, म्हणजे त्याला ख्रिस्ती विधी बनवू नका. माझंही मत त्यांच्याच बाजूचं. पाहुणा म्हणून पाटावर बसणं वेगळं, यजमानाचं ताट उचलून घरी नेणं वेगळं.

केरळातल्या सीरियन ख्रिस्ती घरांतला 'पेसहा अप्पम' मात्र या वादात बसत नाही. पवित्र गुरुवारी रात्री कर्ता पुरुष ती बेखमीर भाकर कापून घरच्यांना वाटतो. त्यात ज्यूंच्या विधीची नक्कल नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घरची रीत आहे.

आणि सेदर मुळात कसा असतो हे मराठीतच वाचायचं, तर महाराष्ट्रातल्या बेने इस्राएली ज्यूंनी १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे सेदरला वाचायची पोथी, छापली होती. तिच्या चित्रांत मात्झा करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत.