सार्वजनिक ग्रंथालय अनुदान (महाराष्ट्र)

राज्यातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना महाराष्ट्र शासनाकडून दरवर्षी मिळणारे अर्थसाहाय्य. त्याचा मुख्य भाग म्हणजे परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्याच्या नेहमीच्या खर्चासाठीचे अनुदान. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 आणि त्याखालील 1970 चे नियम हा त्याचा आधार. अधिनियम 1 मे 1968 रोजी अमलात आला. अनुदानाचे काम उच्च व तंत्र शिक्षण विभागाखालील ग्रंथालय संचालनालय पाहते.

गावोगावची बहुतेक वाचनालये सरकारने काढलेली नाहीत. रत्नागिरीचे ग्रंथालय 1828 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. दोन्ही कायद्याच्या कितीतरी आधीची. कायद्याने ही लोकांनी उभारलेली घडी तशीच ठेवली. ग्रंथालय नोंदणीकृत संस्थेचे, कारभार कार्यकारी मंडळाचा आणि शासनाचा वाटा अनुदानापुरता. दक्षिणेकडील राज्यांनी वेगळी वाट धरली. मद्रासच्या 1948 च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला, पुढे कर्नाटकानेही तेच केले. महाराष्ट्रात असा उपकर नाही. त्यामुळे इथल्या ग्रंथालयांना हक्काचा असा महसूल नाही. त्यांची सारी भिस्त अर्थसंकल्पातील तरतुदीवर.

अनुदान किती मिळणार हे दर्जावर ठरते. जिल्हा आणि तालुका ग्रंथालयांचे अ, ब, क असे वर्ग आहेत, तर 'इतर' ग्रंथालयांना त्याखाली ड वर्गही आहे. ग्रंथसंख्या, सभासद, येणारी वर्तमानपत्रे व नियतकालिके, कामाचे तास आणि कर्मचारी पाहून वर्ग दिला जातो. अनुदान मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत, पण वर्गाच्या कमाल मर्यादेतच मिळते. उरलेला भाग वर्गणी, देणग्या यांतून संस्थेने उभा करायचा. प्रत्यक्षात मर्यादा इतकी तोकडी असते की बऱ्याच ठिकाणी संस्थेचा वाटा दहा टक्क्यांवर थांबत नाही.

खरी अडचण वेतनाची. अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर आणि निम्मा ग्रंथखरेदी व इतर बाबींवर खर्च करायचा असतो. 2022-23 पासून अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाची मर्यादा वर्षाला 30,000 रुपयांवरून 48,000 रुपयांवर गेली. त्याचा निम्मा हिस्सा 24,000, म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिन्याला 2,000 रुपये. तेवढ्यात त्याने रोज ग्रंथालय उघडायचे, देवघेव सांभाळायची, आलेल्या ग्रंथांची दाखल नोंदवही लिहायची आणि वर्षअखेरीस अहवाल व लेखापरीक्षणाची कागदपत्रे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात पोचवायची. वेतनश्रेणी व सेवाशर्तींची मागणी कर्मचारी संघटना वर्षानुवर्षे करत आहेत. ग्रंथपाल संस्थेचा नोकर आहे, शासनाचा नव्हे, हेच उत्तर त्यांना मिळत आले आहे. अनुदानाच्या खर्चाचे नियम शासनाचे आणि पगाराची जबाबदारी संस्थेची, अशी ही विचित्र विभागणी आहे.

कागदावरच चालणाऱ्या ग्रंथालयांच्या तक्रारींमुळे 2012 मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर पडताळणी झाली. अनेक ठिकाणी त्रुटी सापडल्या. त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ बरीच वर्षे बंद राहिली. निकष पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयांनाही त्याची झळ बसली: पुस्तके आणि सभासद वाढले, अनुदान मात्र जुन्याच वर्गाचे राहिले.

परिरक्षण अनुदानाखेरीज इमारत व साधनसामग्रीसाठी वेगळे अनुदान आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही (स्थापना 1972) ग्रंथ व साहित्याच्या रूपाने मदत मिळते. प्रतिष्ठानाच्या समान निधी योजनेत राज्यालाही आपला हिस्सा घालावा लागतो.