खानदेशातील समाजभाष्यपर वाचन

इतिहास, आत्मकथन आणि कादंबरी या तिन्ही प्रकारांतील पुस्तके एकाच समाजावरचे भाष्य म्हणून शेजारीशेजारी ठेवून वाचण्याची रीत. जात, जमीन, सावकारी, घरातील बाईचे स्थान, शिकलेल्या मुलाचे गावापासून तुटणे हे या वाचनाचे नेहमीचे विषय. महाराष्ट्रात असे वाचन सगळीकडे होते; खानदेशात मात्र प्रत्येक साहित्यप्रकाराच्या वाट्याला समाजाचा वेगवेगळा थर आला आहे. इतिहासाच्या जुन्या साधनांत सातपुड्यातला भिल्ल दिसतो, तोही बंडखोर किंवा लुटारू म्हणून. महारवाडा दिसतो तो आत्मकथनात. कादंबरीने तापीकाठच्या शेतकरी कुणब्याचे घर दाखवले, अगदी माजघरापर्यंत. यांपैकी एकच प्रकार वाचणाऱ्याच्या हाती खानदेशचा एखादा तुकडाच लागतो.

खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे. इंग्रजी अमदानीत हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. फारुकी सुलतानांचे बऱ्हाणपूर आणि असीरगड आता मध्य प्रदेशात आहेत, त्यामुळे मध्ययुगीन खानदेशचा इतिहास वाचताना आजच्या जिल्ह्यांचा नकाशा पुरत नाही. बोली अनेक : अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली, पावरी, मावची, गुजरी. पुस्तके मात्र बहुतेक प्रमाण मराठीतली. घरात अहिराणी बोलणारा वाचक आपल्याच गावाविषयीचे पुस्तक शाळेत शिकलेल्या भाषेतून वाचतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना तर अक्षरओळखच नव्हती; त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, जपली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. खानदेशातले सर्वांत जास्त वाचले गेलेले समाजभाष्य न वाचणाऱ्या बाईचे आहे.

इतिहासवाचनाचा पाया म्हणजे १८८० चे खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ. महसूल, पिके, जाती, बाजारगावे यांची त्यातली माहिती अजूनही उपयोगी पडते, पण आवाज कलेक्टर कचेरीचा. १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपडा भागांत शेतकऱ्यांनी जमीनमोजणीला केलेला विरोध तिथे बंदोबस्ताची बाब म्हणून येतो. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभारलेली भिल्ल पलटण हे यश ठरते, तर १८५७ च्या उठावात भिल्लांना घेऊन उभा राहिलेला खाज्या नाईक आणि १८५८ ची आंबापाणीची लढाई हा उपद्रव ठरतो. हे पुस्तक उलट्या बाजूने वाचावे लागते : कोणाला गुन्हेगार म्हटले आहे हे पाहिले, की कोणाची जमीन आणि जंगल गेले ते कळते.

धुळे शहरात इतिहासलेखनाची दोन टोके भेटतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये येथेच निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचे दप्तर सांभाळत आले. याच जिल्ह्यातील कापडण्याचे कॉम्रेड शरद पाटील (१९२५–२०१४) यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला. संस्कृत भाषा आणि पाणिनीचे व्याकरण हा इतिहासाचा पुरावा मानण्याची पद्धत दोघांचीही. निष्कर्ष पार वेगळे. पाटलांनी त्याच व्याकरणातून जातिव्यवस्थेचा आणि त्यापूर्वीच्या स्त्रीसत्तेचा माग काढला, आणि मार्क्सच्या जोडीला फुले व आंबेडकर यांना बसवले. त्यांचे लेखन सोपे नाही. कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ते मिळून वाचावे हेच बरे. एकट्याने घेतले तर पन्नासेक पानांत दम लागतो.

आत्मकथनांत खानदेशच्या दृष्टीने सर्वांत मोलाची पाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहेत. अस्पृश्य वर्ग आणि आदिवासी जमाती यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. १९२९ मध्ये खानदेशचा दौरा आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावात अस्पृश्यांवर सवर्णांनी बहिष्कार घातला होता. चौकशी करून ते चाळीसगावला परत आले. महारवाडा स्टेशनापासून दोन मैलांवर, वाटेत नदी आणि तिच्यावर फरशी. स्टेशनाबाहेर भाड्याचे टांगे उभे होते, तरी त्यांना तासभर थांबावे लागले. शेवटी टांगा आला, पण हाकणारा नवशिका निघाला. थोड्याच अंतरावर मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे फरशीवर चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा-गाडी नदीत कोसळली. पाय मोडला.

मागची हकीकत त्यांना नंतर कळली. अस्पृश्याचा टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते आणि आपला पाहुणा पायी यावा हे महारवाड्यातल्या लोकांना रुचत नव्हते. तेव्हा तोड निघाली : टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. बाबासाहेब यजमानांवर चिडत नाहीत; पाहुण्याच्या मानापायी त्याच्या जिवाची काळजी मागे पडली, एवढे मात्र नोंदवतात. मग बॅरिस्टरापेक्षाही स्वतःला वरचा समजणारा टांगेवाला वाचकापुढे उभा करून ते थांबतात. हा मजकूर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी लेखनात आहे. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही, १९९० मध्ये पुस्तिका म्हणून आले आणि मराठी अनुवादांतून सर्वत्र पोचले. समितीचा अहवाल आणि ही काही पाने एकाच दौऱ्यातून निघाली. टांगा कसा मिळाला हे अहवालात मावत नाही, आणि जात रोजच्या व्यवहारात कशी चालते ते त्या टांग्यातच कळते.

१९७८ नंतर दलित आत्मकथनांची लाट आली तेव्हा त्यांतली बहुतेक पुस्तके इतर प्रदेशांतली होती, पण ती इथे आपली म्हणून वाचली गेली. ‘तराळ-अंतराळ’चे लेखक शंकरराव खरात १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. साने गुरुजींचे प्रकरण निराळे. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे, विद्यार्थ्यांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक चालवणारे गुरुजी खानदेशात घरचेच मानले जातात. ‘श्यामची आई’ मात्र त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते कोकणाविषयी आहे. आत्मकथन आणि कादंबरी यांच्या सीमेवरचे हे पुस्तक संस्कारकथा म्हणून शाळेत वाटले जाते. त्यातले कर्ज, जप्ती आणि खोताच्या घराची घसरण यांवर बोट ठेवून ते क्वचितच वाचले जाते.

कादंबरीत भालचंद्र नेमाडे यांच्याशिवाय पान हलत नाही. जळगाव जिल्ह्यातील सांगवी हे त्यांचे गाव. ‘कोसला’ (१९६३) मधला पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो, वडिलांचे पैसे उडवतो आणि हात हलवत गावी परततो. पुण्यातला वाचक यात तरुणाचे एकटेपण वाचतो. खानदेशी वाचकाला आधी बापाचा हिशेब दिसतो, शेतीतून आलेला पैसा आणि त्याच्या बदल्यात मागितलेली पदवी. १९७५ ते १९७९ या काळातल्या चांगदेव पाटीलच्या चार कादंबऱ्यांत शिक्षणसंस्थांतले जातीचे राजकारण येते, आणि ‘हिंदू’ (२०१०) मध्ये मोहेंजोदडोच्या उत्खननावरून मोरगावला परतणाऱ्या खंडेरावच्या निमित्ताने गावातल्या जातींचा सगळा गोतावळा. या कादंबऱ्या घरधन्याच्या मुलाच्या नजरेतून लिहिलेल्या आहेत. त्या घरी वर्षाच्या करारावर राबणाऱ्या सालदाराच्या नजरेतून तेच घर कसे दिसले असते, हे विचारल्याशिवाय त्यांचे वाचन अर्धे राहते.

तो प्रश्न नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडून आला. सावकारी आणि फसव्या कागदांपायी तापीकाठच्या काळ्या जमिनी भिल्लांच्या हातून गेल्या आणि ते आपल्याच शेतात सालदार झाले. १९७१ मध्ये पाटीलवाडीच्या गोळीबारानंतर असंतोष पेटला, भिल्लांतलेच अंबरसिंग महाराज यांचे नेतृत्व पुढे आले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा १९७४ चा कायदा याच काळातला. या चळवळीतले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये आला. प्रकाराने ही कविता, पण वगळली तर नोंद लंगडी पडेल. त्यातील ‘स्टेज’ या कवितेत आदिवासी खाली बसले आहेत आणि व्यासपीठावरचे लोक त्यांना त्यांचेच दुःख समजावून सांगत आहेत. गॅझेटियरला ती जितकी लागू पडते तितकीच पुरोगामी पुस्तकांनाही.

वाचनाची साधने विखुरलेली आहेत. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ पासूनचे. गावोगावची लहान वाचनालये १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या अनुदानावर चालतात. गॅझेटियर संदर्भाच्या कपाटात, तेव्हा सहसा घरी नेता येत नाही. कादंबऱ्या देवघेव विभागात असतात. आंबेडकरी पुस्तिका आणि आत्मकथने अनेकांच्या हाती पहिल्यांदा पडतात ती १४ एप्रिलच्या आणि ६ डिसेंबरच्या स्टॉलवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही. तालुक्याच्या ठिकाणची बरीच वाचनालये आता स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका झाली आहेत. तिथे जागा मिळवायला सकाळी लवकर जावे लागते, कपाटातले पुस्तक मात्र मागताक्षणी मिळते.