खुडूक बसलेली की अंड्याला अडलेली?

‘कोंबडी कालपासून खोक्यातून उठत नाही, पिसं फुगवून नुसती बसून आहे, काय करू?’ असं कोणी विचारायचा अवकाश, उत्तर तयारच असतं: ‘खुडूक असेल, अंडी उबवायला बसली असेल, बसू दे.’ दोन दिवसांनी तोच माणूस सांगतो, सकाळी खुराडं उघडलं तर ती मरून पडली होती. ती खुडूक नव्हतीच. तिच्या पोटात अंडं अडलं होतं. उलटा प्रकारही मी पाहिलाय. धडधाकट खुडूक कोंबडीला धरून कोमट पाण्यात बसवायचं, शेपटीखाली तेल चोपडायचं, चोच उघडून कॅल्शियम कोंबायचं. ती भिजते, चिडते आणि वाळली की पुन्हा त्याच खोक्यात जाऊन बसते. दुसऱ्या चुकीत निदान कोंबडी तरी जगते.

खुडूक कोंबडी म्हणजे काय हे चार कोंबड्या पाळणाऱ्याला सांगायची गरज नाही. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, अंडी देणं थांबतं, ती उबवायच्या 21 दिवसांच्या बैठकीची तयारी करते. हात घातला की टोचते, कुरकुरते, पसरून चपटी होते. सिल्की आणि कोचीन जातीच्या कोंबड्या ऊठसूट खुडूक होतात, व्हाइट लेगहॉर्न क्वचितच. एवढं पुरे.

अडलेली कोंबडी मात्र बऱ्याच जणांनी ओळखून पाहिलेली नसते. गाय व्यायला अडते तशी कोंबडी अंड्याला अडते. एक अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले 20 तास ते कवच चढण्याच्या जागी असतं. अडतं ते बहुधा तिथे किंवा तिथून बाहेर येताना. कारणं साधी असतात. तलंगेचं, म्हणजे नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबडीचं, पहिलं-दुसरं अंडं, दोन बलकांचं मोठं अंडं, अंगावर चढलेली चरबी, म्हातारपण. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारं कारण म्हणजे कॅल्शियमची कमतरता. कॅल्शियम फक्त कवचासाठी लागतं असं लोक धरून चालतात. पण अंडं पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही आकुंचनासाठी तेच लागतं. म्हणजे कॅल्शियम कमी पडलं की अंडं मऊ होतं आणि ते ढकलणारे स्नायूही ढिले पडतात. मऊ अंड्याला ढकलायला पकड मिळत नाही, म्हणून तेच जास्त अडतं. पिल्लं आणि अंड्यावरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या, कोंबड्या एकत्र आहेत म्हणून सगळ्यांना वाढीचंच खाद्य घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या खाद्यात कॅल्शियम जेमतेम 1 टक्का असतं, अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन ते चार टक्के लागतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला तर जिला हवा ती खाते.

आता किरकोळ फरक उरकून घेऊ, कारण गोंधळ त्यांच्याच भरवशावर बसल्याने होतो. अंडी बंद झाली? दोघींचीही होतात. खात नाही? दोघीही कमी खातात. तुरा फिका पडला? बरेच दिवस बसलेल्या खुडूक कोंबडीचाही पडतो, शिवाय खोक्यात गोचिडी झाल्या असतील तर रात्रभर रक्त पिऊन त्याही तेच करतात. पिसं फुगली? आजारी कोंबडीही फुगवते. ‘रात्री बॅटरी घेऊन बघा, दांडीवर न बसता खोक्यात असेल तर खुडूक’ हा सल्ला तर मला अजिबात आवडत नाही. अडलेली कोंबडी दांडीवर चढणार कशी? तीही खालीच असते, कधी खोक्यात, कधी कोपऱ्यात. शेपटीखालची हाडं बोटांनी मापायची युक्तीही इथे उशिरा कामाला येते. चालू अंड्यावरच्या कोंबडीच्या शेपटीखालच्या त्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावतात, अंडी थांबल्यावर ती जवळ येतात, हे खरं. पण ती एका दिवसात जवळ येत नाहीत. कालच खुडूक बसलेलीची हाडं अजून रुंदच लागतात, आणि माणूस घाबरून तेलाची बाटली शोधायला लागतो.

खरा फरक शिटेत आहे. हसू नका. मी गेली कित्येक वर्षं दुसरं काहीही बघायच्या आधी तेच बघतो.

खुडूक कोंबडी शीट धरून ठेवते, अडलेलीची शीट अडते. सगळं त्यात आलं. खुडूक बसलेली घरटं घाण करत नाही. दिवसातून एकदा-दोनदा, दहा-वीस मिनिटं उठते, तेव्हा घाईघाईने खाते, पिते, धुळीत लोळते आणि एकच टाकते, पण कशी! जवळजवळ लिंबाएवढी, आणि वास असा की एकदा घेतला की नाव विसराल, वास विसरणार नाही. ती बघितली की पुढची चौकशी बंद. आत आतडं मोकळं आहे, वाट मोकळी आहे.

अडलेलीचं शरीर वेगळ्या कोंडीत असतं. कोंबडीत अंड्याची वाट आणि आतड्याची वाट शेवटी एकाच पोकळीत उघडतात. पूर्ण वाढलेलं अंडं तिथे दाटलं की आतडं चेपलं जातं. मग शीट येतच नाही, किंवा पांढरं पातळ पाणी थोडं-थोडं येऊन मागची पिसं बरबटतात. तेच अंडं मज्जातंतूंवर दाबलं तर पाय लुळे पडल्यासारखे वाटतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. ती ताठ, उभी-उभी का राहते? पोटातल्या ओझ्याने अवघडते म्हणून. शेपटी खाली का झुकते, वर-खाली पंपासारखी का हलते? ती जोर लावत असते. पंख का सोडते, चोच का उघडी ठेवते, डोळे अर्धे मिटून का उभी असते? थकते आणि दुखतं म्हणून.

म्हणून माझी चाचणी अशी. खोक्यातून उचला. सकाळी दूध काढायचं, शेळ्या सोडायच्या या गडबडीत नाही, ती कामं उरकून शांतपणे. पाच-सहा पावलांवर जमिनीवर ठेवा आणि दहा मिनिटं नुसतं बघत राहा. खुडूक असेल तर आधी बसल्या जागी पुतळ्यासारखी राहील, मग फुगून, शेपटी पंख्यासारखी उघडून चिडक्या चालीने फिरेल, बाकीच्यांना टोचेल, ढेकूळभर शीट टाकेल आणि तडक खोक्याकडे वळेल. तिचा राग जिवंत असतो. अडलेलीला राग येत नाही. ती जिथे ठेवली तिथेच उभी राहते, किंवा दोन पावलं जाते, थांबते, जोर लावते. काही जणी खोक्यात जातात, बाहेर येतात, पुन्हा जातात, पाच-सात वेळा. ही येरझार खुडूक कोंबडी कधीच करत नाही, तिला उठायचंच नसतं.

दहा मिनिटांत काहीच झालं नाही तर? कदाचित खुडूक कोंबडी तुम्ही यायच्या आधीच मोकळी होऊन आली असेल. अशा वेळी एका पिंजऱ्यात कागद पसरून तिला दाणा-पाण्यासह दोन-तीन तास ठेवा. कागद खोटं बोलत नाही. कागद कोरा आणि कोंबडी ताठ उभी असेल तर ती खुडूक आहे की नाही यावर वाद घालत बसू नका, अडलेली धरून चाला.

हे सगळं करूनही शंका राहिली तर पोट चाचपा. हातमोजा घालून, बोटाला वंगणाची जेली लावून शेपटीखालच्या द्वारातून हळूच बोट आत घातलं की बहुतेक वेळा चार-पाच सेंटिमीटरवर कडक, गोलसर अंडं लागतं. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांनी बाहेरून दोन्ही पायांमधल्या पोटावर हात फिरवून बघावं, पण दाबू नये. पोट पाण्याच्या फुग्यासारखं डुबडुबीत लागलं तर ती तिसरीच भानगड आहे, पोटात अंड्याचा द्रव सांडून सूज आल्याची. तिथे ना खुडूक मोडायचे, म्हणजे बैठक सोडवायचे, उपाय चालतात, ना कोमट पाणी. ते पशुवैद्याचं काम.

माझी स्वतःची पहिली अशी कोंबडी याच चुकीने गेली. ती आधीच्या वर्षी दोनदा खुडूक बसली होती, म्हणून या वेळीही खुडूकच असणार असं मी गृहीत धरलं. रोज दाणा-पाणी खोक्यापाशी नेऊन ठेवत होतो! म्हणजे तिला उठून दाखवायची संधीच मी काढून घेतली. ती उठून बाहेर आली असती तर शेपटीची हालचाल पहिल्याच दिवशी दिसली असती. तेव्हापासून खोक्यापाशी दाणा ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही, मग त्यांचा हेतू कितीही प्रेमळ असो.

एक सवलत मात्र आहे. आठवडाभर खुडूक बसलेली कोंबडी अंड्याला अडायची शक्यता फारच कमी, कारण तोवर अंडाशय आवरतं घेतलेलं असतं आणि अडायला अंडंच उरलेलं नसतं. धोका सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांचा. तेव्हाच नेमके लोक ‘बसू दे’ म्हणतात.

पाण्याबद्दल थोडं रागानेच लिहितो. ‘पाण्यात बुडवा’ हा सल्ला दोघींसाठी फिरतो आणि कोणतं पाणी ते कोणीच सांगत नाही. खुडूक मोडायला गार पाणी सांगतात, छाती थंड पडावी म्हणून. अडलेलीला कोमट, स्नायू सैल पडावेत म्हणून. आता ओळख चुकली आणि अडलेलीला गार बादलीत बुडवलं तर आधीच खचलेल्या पक्ष्याला आपणच गारठवतो. मला गार पाण्याचा उपाय खुडूक कोंबडीवरही पटत नाही. जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उचलून ठेवा, खालून वारा खेळला पाहिजे, आत गवत-भुसा काही नको, दाणा-पाणी मात्र भरपूर. पहिल्या-दुसऱ्या दिवशी पकडली तर तीन-चार दिवसांत खुडूक मोडते. जितका उशीर कराल तितकी जास्त चिकाटी लागते. बसवायचीच असेल तर अंड्यांवर पेन्सिलने खुणा करा, दुसऱ्या कोंबड्यांनी घातलेली ताजी अंडी रोज काढा आणि दिवसातून एकदा तिला स्वतः उचलून बाहेर ठेवा.

अडलेलीसाठी क्रम असा. आपल्या कोपराला कोमट लागेल एवढ्या पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं धरून बसवा, डोकं बाहेर. मग कोरडी करा, अगदी आतल्या पिसांपर्यंत. द्वाराला जेली लावा. कॅल्शियम द्या, पण ती नीट गिळत असेल तरच. मग उबदार, अंधाऱ्या, शांत खोक्यात तास-दोन तास एकटी सोडा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणाऱ्यांच्या कोंबड्या अंडं देत नाहीत. एकदा पुन्हा करून बघा. तरीही नाही आलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, कारण हातात साधारण 24 ते 48 तासच असतात आणि त्यातले काही तुम्ही ‘खुडूक असेल’ म्हणण्यात घालवलेले असतात. आतलं अंडं फोडून काढायचा प्रयोग घरी करू नका. कवचाच्या धारदार तुकड्यांनी अंडनलिका फाटते आणि जंतुसंसर्ग होतो.

अंडं आलं की ती तासाभरात दाण्याकडे पळते, जणू काही झालंच नव्हतं. त्या वेळी शेपटीखाली एकदा बघून घ्या. लाल मांसल भाग बाहेर आला असेल तर तिला कळपात सोडू नका, बाकीच्या कोंबड्या लाल रंगावर टोचायला टपलेल्याच असतात.