ऑक्टोबर-नोव्हेंबरात कामिनो चालणाऱ्यांसाठी

नमस्कार,

तुमच्या मुक्कामांची यादी सोबत जोडली आहे. सॅक भरायला घेण्याआधी हे पत्रक एकदा सावकाश वाचा.

कामिनो फ्रान्सेससाठी, म्हणजे फ्रान्सच्या सीमेवरून उत्तर स्पेनमधून सांतियागोपर्यंत जाणाऱ्या पायी यात्रेच्या वाटेसाठी, शरदातले दिवस आम्हाला मनापासून आवडतात. गर्दी ओसरलेली असते, ला रिओहातले द्राक्षमळे तांबडे झालेले असतात. या दिवसांत थंडीची धास्ती सगळेच घेतात आणि त्या धास्तीपोटी जाड स्वेटर भरतात. चालणाऱ्याला खरा जेरीस आणतो तो ओलावा. म्हणून आमचा एकच आग्रह आहे: कपड्यांचा एक जोड, मोजे आणि स्लीपिंग बॅग काही झालं तरी कोरडी राहिली पाहिजे.

त्यासाठी सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरून तोंड पिळून बंद करा. बाहेरच्या रेनकव्हरवर भिस्त ठेवू नका. पाठीकडची बाजू उघडीच असते, पाणी तिथून झिरपतं. आमच्यातली एक जण नुसतं कव्हर लावून ओ सेब्रेइरोला पोचली, तेव्हा तिची स्लीपिंग बॅग पिळली तर धार लागत होती. ते गाव सुमारे १,३०० मीटरवर आहे. ती रात्र तिने उसन्या ब्लँकेटवर काढली.

कोरडा जोड मुक्कामी पोचल्यावरच घालायचा. सकाळी कालचे दमट कपडे अंगावर चढवणं अगदी नकोसं होतं, तरीही तेच चढवा. दहा मिनिटं चाललात की अंगात ऊब येते. त्या क्षणी मोह झाला आणि कोरडा जोड भिजला, तर संध्याकाळी घालायला काहीच उरत नाही. सुती कपडे आणि जीन्स नेऊ नका, भिजल्यावर ते वाळता वाळत नाहीत. आत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर पातळ फ्लीस, वरून रेन जॅकेट, एवढं पुरतं. पाँचो काहींना सोयीचा वाटतो, पण मेसेताच्या उघड्या पठारावर वारा सुटला की तो तोंडावरच येतो. आम्ही जॅकेटच सुचवतो.

बूट भिजले तर आतले तळवे काढून ठेवा, वर्तमानपत्राचे बोळे पुढच्या टोकापर्यंत कोंबा आणि तासाभराने बदला. हीटरवर बूट ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो.

पहिल्या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगतो. जिथून निघायचं ते फ्रान्समधलं गाव सँ-जाँ-पिए-द-पोर साधारण १७० मीटरवर आहे आणि लेपोएदेरची खिंड सुमारे १,४३० मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे गावात १२ अंश असले तर वर ४ अंशांच्या आसपास, आणि वारा वेगळाच. हा वरचा नेपोलियन मार्ग १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असतो. ऑक्टोबरातही निघण्याआधी गावातल्या यात्रेकरू कार्यालयात चौकशी करा. त्यांनी वाल्कार्लोसमार्गे जा म्हटलं तर तसंच जा. ती वाटही थेट पहिल्या मुक्कामाला, रॉन्सेस्वायेसलाच पोचते, आणि त्याने यात्रा जराही उणी होत नाही.

दुसरी जपायची जागा म्हणजे क्रुस दे फेरो या डोंगरावरच्या लोखंडी क्रुसानंतरचा मोलिनासेका गावापर्यंतचा उतार. सुमारे ९०० मीटर खाली यायचं, पायाखाली पाटीचा दगड, त्यावर पाऊस. काठ्या तिथे हातात हव्यातच. वाटेच्या शेवटच्या भागातल्या, गालिसिया प्रांतातल्या खोलगट पाणंदींत ओक आणि चेस्टनटची पानं चिखलावर पसरलेली असतात, खालचा दगड दिसत नाही. पावलं आखूड टाका.

ऑक्टोबर संपता संपता गालिसियात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग संध्याकाळी साडेसहालाच अंधारायला लागतं. सहाला उठून निघण्याची उन्हाळी सवय इथे चालत नाही, वाट दाखवणारे पिवळे बाण दिसतच नाहीत. हेडटॉर्च जवळ ठेवा. शिकारीचा हंगामही हाच, त्यामुळे सॅकवर भडक रंगाचं काहीतरी बांधा.

बरेच खासगी आल्बेर्गे (यात्रेकरूंची मुक्कामाची घरं) ऑक्टोबरअखेर बंद होतात. म्हणूनच तुमच्या यादीत नोव्हेंबरातले काही टप्पे लांब दिसतील. वाटेत मुक्काम बदलावासा वाटला तर आधी आम्हाला फोन करा, नाहीतर संध्याकाळी कुलूप बघावं लागेल. अडचणीत तातडीचा क्रमांक ११२.

निघण्याच्या आठवडाभर आधी रेन जॅकेट घालून, सॅक पाठीवर घेऊन शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा. नंतर खांद्याच्या शिवणी आतून चाचपा आणि सॅकच्या तळाशी हात घालून बघा. कुठेही ओल लागली तर आम्हाला कळवा, दुरुस्तीला अजून वेळ असेल.